नांदूरघाटची गाडी

हवालदार शहादेव आष्टीतल्या खानावळीत आला तेव्हा जेवायची वेळ झाली नव्हती. आम्रपाली परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ मुका हाय न्हवं?"

"हाय. कावून? काय झालं त्याला?"

"त्याला काय न्हाई झालं. तुमी जरा चौकीवर चला. एक बाई हाय. तिला ऐकू येईना, बोलता येईना. सकाळपसून नुसती रडायलीय. तुमाला ते हातवारे येत्यात ना?"

"मला विलासचे येत्यात," आम्रपाली म्हणाली. "दुसऱ्याचे कसे येतील?"

"मुक्यांचे हातवारे सगळीकडं एकच असत्यात की," शहादेव इतक्या खात्रीने म्हणाला, की पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने परातीवर फडकं टाकलं, हाताचं पीठ तसंच पदराला पुसलं आणि त्याच्या मागे निघाली.

तिला याचं फारसं नवल वाटलं नाही. आजवर कुठलंच काम तिच्याकडे आधी सांगून आलं नव्हतं. सहा वर्षांची होती तेव्हा आईने, मालनबाईने, तिला थोरल्या भावाबरोबर न्हाव्याकडे पाठवलं होतं. "तो काय म्हणतो ते तेवढं सांग त्यांना," आई म्हणाली आणि खुरपायला निघून गेली. विलास काय म्हणतो हे तोवर आम्रपालीलाही कळत नव्हतं. तिथपासून दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी, सगळीकडे ती त्याच्याबरोबर. डॉक्टर विचारायचे, कुठं दुखतंय? ती स्वतःचं पोट एकेका जागी दाबायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. असं करत दोघांच्या खुणा तयार झाल्या.

लग्नाचंही तसंच. पाहुणे आले होते चुलतबहिणीला बघायला. चहा घेऊन ही गेली, कारण बहिणीची साडी अजून नीट बसत नव्हती. पाहुण्यांना हीच पसंत पडली. आणि लग्नाला महिना झाला नाही तोच खानावळ चालवणारी सासू न्हाणीत घसरून पडली. दुपारी कारकून आणि एसटीचे ड्रायव्हर येऊन टेबलाशी बसले. आम्रपालीच्या वरणात पाणी फार झालं होतं. तिने त्यात चिंच-गूळ घातला, लसणाची फोडणी दिली आणि "आज सार केलंय" म्हणून वाढलं. लोकांनी मागून मागून घेतलं. सासू बरी झाली, पण पुन्हा चुलीपुढे काही बसली नाही.

चौकीकडे जाताना तिने विलासला व्हिडिओ कॉल लावला. तो पुण्यात एका पॅकिंगच्या कंपनीत होता. तिकडे त्याला त्याच्यासारखे मित्र भेटले होते, त्यांच्याकडून तो शाळेत शिकवतात तसल्या खुणा शिकला होता आणि गावी आला की बहिणीच्या खुणांना हसायचा. फोन वाजत राहिला. शिफ्टच्या वेळी त्याला फोन गेटवरच जमा करावा लागे, हे तिला मागाहून आठवलं.

चौकीतल्या बाकावर बसलेली बाई तिशीतली असावी. उन्हाने रापलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे. मांडीवर गाठोडं होतं. त्यातला कोयता शहादेवने काढून कपाटावर ठेवला होता.

"ऊसतोडीवरून आलीय येवढं मला बी कळलं," तो म्हणाला. "पुढचं कळंना."

मार्च संपत आला होता. कारखाने बंद होऊन टोळ्या गावाकडे परतत होत्या. सकाळी ही बाई आधी कर्जतच्या गाडीत चढली होती. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं तर नुसते हात हलवायला लागली. त्याने उतरवली. मग जामखेडच्या गाडीत चढली, तिथूनही उतरवली. मग नगरच्या. शेवटी स्टँडवर फळांचा गाडा लावणाऱ्या तरन्नुमने तिला हाताला धरून चौकीत आणून बसवलं होतं. तरन्नुम अजून तिथेच होती. तिने बाईच्या हातात केळं दिलं होतं, पण ते तसंच राहिलं होतं.

आम्रपाली समोर बसली. तिने विलासला करायची तशी खूण केली: दोन्ही तळव्यांचं छप्पर केलं आणि हात उलटा केला. घर कुठं?

बाई एकदम सावरून बसली. कुणीतरी आपल्याशी हाताने बोलतंय हे बघून तिचे डोळे मोठे झाले आणि तिचे हात सुटले. इतके भराभर, की आम्रपालीला बोटं बघावीत की चेहरा, ते कळेना. छातीवर थाप, मग हवेत काहीतरी कापल्यासारखं, मग डोक्यावरून हात, मग बोटांची गाठ. सगळे आम्रपालीच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणायलीय?" शहादेवने विचारलं.

"थांबा जरा."

तिला काहीच कळलं नव्हतं. तिने हाताने 'हळू' सांगितलं. बाईने पुन्हा सुरुवात केली. या वेळी दोन गोष्टी हाती लागल्या. बाईने नाकापुढून हात खाली सोडून सोंडेसारखा वळवला. आणि मग तळवा पुढे करून हवा ढकलली. तिने दोनदा तसंच केलं. सोंड, आणि ढकलणं.

विलास 'जायचं, चल' म्हणायला अस्साच हात ढकलायचा. आम्रपालीला हायसं वाटलं.

"गणपतीच्या गावाला जायचं म्हणती."

"सिद्धटेक," शहादेव लगेच म्हणाला. "कर्जतच्या गाडीत बसली ती उगं न्हाई."

आम्रपालीने मोबाइलवर सिद्धटेकच्या देवळाचा फोटो काढून दाखवला. बाई कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. मग तिने लिंबागणेशच्या देवळाचा फोटो काढला. बाई दचकली. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, सोंड केली आणि पुन्हा जोरात हवा ढकलली.

"लिंबागणेश!" तरन्नुमने टाळी वाजवली.

शहादेवने चहा सांगितला. लिंबागणेशला त्याच्या ओळखीचा एक दुकानदार होता, त्याला फोन लावला. चहा संपायच्या आत उलट फोन आला. बोलणाऱ्याचं नाव रामहरी.

"आमचीच हाय ती," तो म्हणाला. आवाज दमलेला होता. "कौशल्या. माझी भावजय. ट्रक आष्टीच्या ढाब्यावर थांबलता, तवा उतरली. पाटोद्याला आल्यावर ध्यानात आलं की ती गाडीत न्हाई. माघारी येऊन हुडकलं, पर घावली न्हाई. मी मोटारसायकल घिऊन निघालोच हाय. तिला कुठं जाऊ दिऊ नका सायेब."

"झालं काम," शहादेव म्हणाला. त्याने आम्रपालीकडे बघून मान हलवली. "ताई, आज तुमी नसता तर आमी दिवसभर बसलो असतो."

आम्रपाली उठली. भाकरी राहिल्या होत्या. पण जाताजाता कौशल्याला सांगून जावं असं तिला वाटलं. तिने सोंड केली, मिशीवर बोट फिरवलं, मोटारसायकलचे दांडे धरले आणि 'येतोय' असं दाखवलं.

कौशल्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने गाठोडं उचललं आणि दाराकडे निघाली. दारातल्या महिला पोलिसाने तिला अडवलं. कौशल्या वळली, आम्रपालीपुढे येऊन उभी राहिली, सोंड केली आणि दोन्ही तळव्यांनी ढकललं, आख्ख्या अंगाने, दाराला कुणी बाहेरून जोर लावत असावं तसं.

जायचं म्हणताना माणूस असं मागे रेलत नाही.

आम्रपाली पुन्हा बाकावर बसली. आपण उलटं वाचलं, हे तिला लख्ख कळलं. विलासचं 'चल' म्हणजे हिचं 'नको' होतं. आणि त्या उलट्या वाचण्यावर फोन झाला होता, माणूस निघाला होता, चहा पिऊन झाला होता. गप्प बसली असती तरी कुणाला काही कळलं नसतं. ती घरी जाऊन भाकरी थापू शकली असती.

"शहादेवभाऊ," ती म्हणाली, "माझी चूक झाली. ती लिंबागणेशला जायचं म्हणायली न्हाई. तिला तिथंच जायचं न्हाई."

"आता हे कावून? मघाशी तर तुमीच म्हणलात."

"मघाशी मला वाटलं. विलासची तशी खूण हाय. हिची निराळी हाय."

"आन घरचं माणूस न्यायला निघालंय त्याचं काय करू?"

"येऊ द्या. पण ती हरवलेली न्हाई. ती उतरलीया."

शहादेवने टोपी काढून टेबलावर ठेवली. तो चिडला होता, पण काही वर्षं तो तिच्याच हातचं जेवत होता. "मग जायचं कुठं हाय तिला?"

"तेच मला कळंना."

आता तिने विलासची एकही खूण वापरायची नाही असं ठरवलं. आधी हो आणि नाही, एवढं तरी पक्कं व्हायला हवं. कौशल्याने नुकतंच पाणी प्यायलं होतं. आम्रपालीने आणखी एक भरला गिलास तिच्यापुढे धरला. कौशल्याने तळव्याने ढकललं. बरं, हे नको. मग तिने कौशल्याने खाली टाकलेलं गाठोडं उचलून 'तुझं का?' असा चेहरा केला. कौशल्याने छातीवर दोन बोटं टेकवली. हे हो. आम्रपालीने तेच दोन्ही करून दाखवलं. कौशल्या पहिल्यांदा किंचित हसली, एखादं लेकरू पहिलं अक्षर नीट बोललं की हसतात तसं.

मग ती एकेक वस्तू घेऊन विचारत गेली. स्वतःच्या मंगळसूत्राला हात लावला. कौशल्याने आपलं रिकामं कपाळ पुसून दाखवलं. नवरा नाही. आम्रपालीने पोटावरून हात फिरवला, मग कमरेएवढी उंची दाखवून तळवा पालथा केला. कौशल्याने घाईघाईने छातीवर दोन बोटं टेकवली, तिचा हात धरून तो आणखी वर नेला, येवढी, आणि हवेत दोन वेण्या घालून त्यांना रिबिनी बांधल्या.

"पोरगी हाय," तरन्नुम पुटपुटली. ते सगळ्यांनाच कळलं होतं.

मग कौशल्याने स्वतःच्या गालावर हात ठेवला, नाकावर ठेवला, दोन बोटं एकमेकींना चिकटवली आणि लांब कुठेतरी दाखवलं. माझ्यासारखी, चिकटलेली. आम्रपालीने अंदाज केला, बहीण. पण लांब म्हणजे कुठं? त्या गावाला सोंड नव्हती, देऊळ नव्हतं. कौशल्या पुन्हा पुन्हा एकच उतार दाखवत होती आणि उताराखाली काहीतरी वाहत होतं. असे उतार जिल्हाभर होते.

"रामहरीला फोन लावा," आम्रपाली म्हणाली. "तिला पोरगी हाय का, आन कुठं हाय, येवढंच विचारा."

रामहरी वाटेत कुठेतरी थांबून बोलला. "हाय की. शिवकन्या. तिच्या मावशीपशी ठिवलीया, नांदूरघाटला, शाळंला." तो पुढे म्हणाला, "भाऊ गेल्यापसून तिथंच हाय. हंगामाला पोरगी कुठं नेता? आन हंगाम झाला की आमची आई म्हणती, राहू द्या, पोरगी हिकडं आली तर कौशल्याचं कामात ध्यान लागत न्हाई."

शहादेवने फोन ठेवला. मग तरन्नुम म्हणाली, "नांदूरघाट तर माझं माहेर हाय."

तिचा भाऊ अबरार याचं तिथे मोटारसायकलींचं गॅरेज होतं. तिने त्याला फोन लावला आणि आपल्या बोलीत भराभरा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, वो गूंगी की बेटी? बबिताबाई की भांजी? वो तो अभी स्कूल में होगी." गावात तिला सगळे ओळखत होते.

मग वाट बघणं आलं. आम्रपालीने खानावळीत जाऊन तव्यावर भाकरी टाकल्या, अर्ध्या झाल्या तेवढ्यात तरन्नुम धावत बोलवायला आली. चौकीत परत आली तेव्हा फोनच्या स्क्रीनवर एक मुलगी होती. निळ्या गणवेशातली, दोन वेण्यांची. मागे शाळेचं फाटक, बाजूला कपड्याला ग्रीस लागलेला अबरार आणि घाबरलेली मावशी, बबिता.

कौशल्याने फोन दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. हे आधी शहादेवच्या लक्षात आलं. त्याने तिच्या हातातून फोन हळूच घेतला आणि तिच्यासमोर धरून उभा राहिला. पुढचा सगळा वेळ तो तसाच उभा होता.

मायलेकींचे हात चालू झाले. मधूनच शिवकन्या खळखळून हसली, मग रडली, मग बाहीने नाक पुसून पुन्हा हात चालवायला लागली. आम्रपालीला आता काही समजून घ्यायची गरज नव्हती, तरी ती बघत राहिली. कौशल्याच्या ज्या बोटांमधून मघाशी नुसता गोंधळ निघत होता, त्याच बोटांना समोरून तेवढ्याच वेगाने उत्तर येत होतं.

"बाळा," शहादेव फोनच्या मागून म्हणाला, "तुझी आई काय म्हणती ते आमाला सांग."

शिवकन्या वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तशी सरळ झाली. "आई म्हणती, मी हरवले न्हाई. मला नांदूरघाटची गाडी कुणी दाखवंना."

"आजून?"

"आजी म्हणलीती हंगाम झाला की पोरीकडं नेईन. मागच्या साली बी म्हणलीती. म्हणून ती ट्रकमधून उतरली."

आम्रपालीने घसा खाकरला. "तुझा काका मारतो का तिला, इचार."

शिवकन्याने विचारलं. कौशल्याने थोडा विचार करून उत्तर दिलं.

"न्हाई म्हणती. काका मारीत न्हाई. पण काका काय इचारीत बी न्हाई."

मग मुलगी जरा लाजत म्हणाली, "मावशी, आई म्हणती तुमी चांगल्या हाव. पण तुमी मघाशी हातानं तिला काय म्हणलात ठावं हाय का? तुमी दारात आल्या आल्या म्हणलात, तुजी म्हैस कुठं व्याली."

महिला पोलीस सगळ्यांत आधी हसली. मग शहादेव, मग आम्रपाली. कौशल्यालाही मुलीने सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली.

"तुला हे कुणी शिकवलं गं?" आम्रपालीने विचारलं.

"कुणी न्हाई," शिवकन्या म्हणाली. "आईला बी कुणी शिकवलं नव्हतं. मग आमी दोघींनी केलं."

रामहरी पोचला तेव्हा ऊन टळटळीत होतं. केस धुळीने पांढरे झाले होते. मोटारसायकलला एक वाकळ आणि पत्र्याची छोटी पेटी बांधलेली होती. तो आत आला आणि कौशल्याला बघून त्याचे खांदे खाली आले. शोधून शोधून सापडलेल्या माणसाकडे बघतात तसंच त्याने तिच्याकडे बघितलं.

"कुठं कुठं हुडकलं ठावं हाय का," तो शहादेवला म्हणाला. "ढाब्याच्या मागची हीर सुदिक बघितली वाकून."

शहादेवने त्याला बसायला सांगितलं आणि जे कळलं होतं ते सांगितलं. बाई सज्ञान आहे, तिला तिच्या मुलीकडे जायचंय, पोलिसांना तिला दुसरीकडे पाठवता येणार नाही.

"तुमाला कुणी सांगितलं हे?" रामहरीने विचारलं. "ती तर बोलत न्हाई."

"तिच्या पोरीनं सांगितलं."

रामहरी कौशल्याकडे वळला. त्याने मनगट दोनदा आत वळवलं. चल. मग मूठ तोंडाशी नेली. जेव. आम्रपाली लक्ष देऊन बघत होती. त्याने हात आडवा मारून कापल्याची खूण केली आणि मग ती आपल्याआपण थांबवली, कारण हंगाम संपला होता. त्यानंतर त्याचे हात मांडीवर पडून राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून त्याच्याकडे तिच्यासाठी एवढ्याच खुणा होत्या.

कौशल्याने तळवा पुढे केला आणि सावकाश ढकलला.

"नको म्हणती," रामहरी म्हणाला. ते त्याला बरोबर कळलं होतं.

"घरी आई काय म्हणंल," असं तो एकदा म्हणाला, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. मग बाहेर जाऊन त्याने दोरी सोडली आणि वाकळ, पेटी आत आणून कौशल्याच्या पायाशी ठेवली. "तिचं सामान हाय. ट्रकमधून काढलंतं. लुगडी हायेत, आन पोरीसाठी घेतलेला फराक." फ्रॉक पोरीला आता लहान होईल, हे तिथल्या सगळ्या बायकांना कळलं.

दुपारची बीडची गाडी लागली होती. नांदूरघाटला थेट काही नव्हतं. मांजरसुंब्याला उतरून पुढे केजच्या रस्त्याने, मग जीप. हे सगळं कौशल्याला हाताने समजावून सांगायचं म्हणजे आणखी एक दिवस लागला असता.

"मीच जाते संगं," आम्रपाली म्हणाली.

"आन खानावळ?" तरन्नुमने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "जा. भात टाकते मी, अंड्याचा रस्सा करते. खातील गुमान."

आम्रपालीने नवऱ्याला फोन केला. तो जामखेडला खताच्या दुकानात होता. "मी नांदूरघाटला चाललेय," ती म्हणाली. "कावून ते मागून सांगते. आत्यांना औषध तेवढं द्या." पायात घरातल्या स्लिपर होत्या आणि बोटांच्या बेचक्यांत पीठ वाळून बसलं होतं. ते तिने गाडीत बसल्यावर नखाने काढलं.

गाडी जामखेड करून पाटोद्याला आली. कौशल्या खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक थांब्यावर आम्रपालीच्या हाताला बोट लावायची. हे का? आम्रपाली तळव्याने हवा ढकलायची. हे न्हाई. लिंबागणेश यायच्या आधीच कौशल्याने रस्ता ओळखला. तिने पदर ओढून तोंड झाकलं आणि सीटवरून इतकी खाली घसरली की बाहेरून नुसतं गाठोडंच दिसावं. स्टॉपवर माणसं चढली. एका म्हातारीने आम्रपालीला विचारलं, "ही बाई आजारी हाय का गं?"

"व्हय," आम्रपाली म्हणाली. "गाडी लागती तिला."

गाव मागे पडल्यावर तिने कौशल्याच्या गुडघ्यावर थाप मारली. कौशल्या वर सरकली, मागे वळून बघितलं आणि एक मोठा श्वास सोडला. त्याला आवाज होता. सकाळपासून आम्रपालीने ऐकलेला तिचा तो पहिलाच आवाज.

नांदूरघाटला जीप पोचली तेव्हा दिवस कलला होता. अबरार शिवकन्याला पुढे बसवून मोटारसायकलवर थांबला होता. मागे बबिता चालत येत होती. कौशल्या जीपमधून उतरली. आम्रपालीला वाटलं होतं ती धावत जाऊन पोरीला कवटाळेल. तसं काही झालं नाही. तिने शिवकन्याला खांद्याला धरून पाठमोरी केली, तिच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच सरळ स्वतःच्या अंगापर्यंत आणला आणि तो कुठे टेकतो ते बघितलं. तो छातीला टेकला. तिने पुन्हा एकदा मोजून बघितलं. मग ती तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसली, आणि मुलगी तिच्या मांडीत.

त्यांचे हात पुन्हा चालू झाले. आम्रपाली सामान धरून उभी राहिली. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. बबिता तेवढी सारखी म्हणत होती, "चहा घिऊन जावा, जेवून जावा, अशा कशा जाताल." रात्री आम्रपाली तरन्नुमच्या माहेरी मुक्कामाला राहिली आणि सकाळच्या गाडीने परतली.

कौशल्या नांदूरघाटलाच राहिली. सासू एकदा रामहरीला घेऊन आली, मोठ्याने भांडली. कौशल्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. शिवकन्याला मात्र सगळं ऐकू आलं आणि तिने आईला त्यातलं निम्मंच सांगितलं, असं बबिताने मागाहून फोनवर कळवलं. पुढच्या हंगामाला रामहरी तोडीच्या जोडीला कौशल्याऐवजी दुसरं माणूस बघून गेला. कौशल्या गावातच खुरपणी-वेचणीला जाऊ लागली.

विलासला हे सगळं त्याच रात्री आम्रपालीने सांगितलं होतं. तो म्हशीवर पोट धरधरून हसला. मग त्याने तिला विचारलं, मला लहानपणी दवाखान्यात न्यायचीस तेव्हा तरी तुला सगळं नीट कळायचं का? ती म्हणाली, नाही. तुझ्या पोटात दुखायचं की कानात, तेसुद्धा पुष्कळदा कळायचं नाही. त्याने हाताने सांगितलं, मला माहीत होतं. एकदा कानाचं औषध पोटासाठी घेतलंय मी.

शहादेव आता असं कुणी आलं की तिला बोलावतो. गेल्या महिन्यात कड्याचा एक म्हातारा आला होता, त्याआधी यात्रेत चुकलेला एक माणूस. म्हाताऱ्याने तिला काहीच सांगितलं नाही, नुसता जेवला आणि झोपला. संध्याकाळी त्याची सून शोधत आली.

कौशल्याचा व्हिडिओ कॉल बहुतेक नेमका जेवणाच्या गर्दीत येतो. आम्रपाली फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते आणि थापता थापता बघते. कौशल्या तिला दारातली शेळी दाखवते, नवीन पातेलं दाखवते, शिवकन्याच्या वहीवरचे शेरे दाखवते. परवा ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. शिवकन्या शाळेत होती, त्यामुळे मधे कुणी नव्हतं. आम्रपालीला निम्मं कळलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले आणि उरलेलं पुन्हा विचारलं.